कोशाचे चार धागे

माझ्या दुकानात येऊन फक्त चार धागे मागणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. मीटर नाही, कटपीस नाही, चार धागे. तेसुद्धा रंग बघून नाही. थानाच्या, म्हणजे कापडाच्या ताग्याच्या, टोकाला सुटलेला धागा दोन बोटांत ताणायचा, कानाजवळ न्यायचा, टिचकी मारायची आणि मान हलवून म्हणायचं, "हा नाही."

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. त्या दिवसांत रायपूरच्या पंडरी कापड बाजारात उभं राहायला जागा नसते, आणि आमच्यासारख्या ठोक विक्रेत्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यात हा साठीकडे झुकलेला, खाकी पॅन्ट घातलेला माणूस तासभर माझ्या कोशाच्या थानांपाशी बसलेला. कोसा म्हणजे आमच्याकडचं टसर रेशीम. छत्तीसगडच्या बाहेरचे व्यापारी खास त्यासाठी येतात. एक थान त्यानं उलगडलं, दुसरं उलगडलं. पाचव्या थानाला माझा संयम संपला.

"काका, हे कापडाचं दुकान हाये, सुईदोऱ्याचं नाही. धागा ओढला की थान खराब होते."

"ओढत कुठं हाओ? सुटलेलाच घेऊन राहिलो," ते शांतपणे म्हणाले. "आन् तू काहून तापून राहिला? चारच पाह्यजे. तंबोऱ्याले."

मग त्यांनी समजावून सांगितलं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक घोडी असते, तिच्यावरून चार तारा जातात. प्रत्येक तारेखाली एक धागा सरकवायचा. तो नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, गुंजायला लागते. याला जवारी लागणं म्हणतात. साधा सुती धागा लवकर चेपतो, मशीनचा गुळगुळीत धागा तारेला धरत नाही. कोशाचा धागा जरा खडबडीत, जरा जिवंत. "माणसासारखा," ते म्हणाले.

मी फुकट काही देत नाही. फुटपाथवर चादर अंथरून कटपीस विकण्यापासून मी सुरुवात केली आहे. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत देणाऱ्यालाही नसते आणि घेणाऱ्यालाही, असं माझं तेव्हा पक्कं मत होतं. ते त्यांनी ओळखलं असावं. म्हणाले, "फुकट नोको देऊ. बदल्यात मी तुले एक रविवार देतो. दुपारी म्युझियमच्या दारात ये."

धाग्याच्या बदल्यात रविवार. असा सौदा मला कोणी कधी सांगितला नव्हता. हसून मी चार धागे कापून दिले. दुकानातल्या माणसांनी त्यांचं नाव त्याच दिवशी पाडलं, धागेवाले काका. पुढे मीही तेच म्हणायला लागलो.

काका रेल्वेतून निवृत्त झाले होते. वडील विदर्भातून इकडे नोकरीला आले, हे वॅगन दुरुस्तीत लागले. काम काय, तर लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या एकेका चाकावर ठोका मारायचा आणि आवाजावरून तडा ओळखायचा. "चांगलं चाक गाते," ते सांगायचे, "तडा गेलेलं नुसतं बोलते." पस्तीस वर्षं चाकांचं गाणं ऐकलेला हा माणूस तंबोरा कुठे शिकला ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. पण शहरात बाहेरून गवई आला की स्टेजवर त्याच्या मागे तंबोरा घेऊन धागेवाले काकाच बसलेले असायचे. गवई बदलायचे, तबलजी बदलायचे, मागचा माणूस तोच. सवयही अशी जडलेली की हातात स्टीलचा ग्लास आला तरी आधी टिचकी मारणार. माझ्या दुकानातल्या प्रत्येक ग्लासाचा सूर त्यांना पाठ होता. चहा पिता पिता म्हणायचे, "हा बदल, शेठ. हा रडून राहिला."

पहिल्या रविवारी मी म्युझियमला गेलो ते निव्वळ सौदा पाळायला. जन्म रायपुरात गेला, पण त्या इमारतीच्या आत मी शाळेच्या सहलीनंतर पाऊल टाकलं नव्हतं. तिकीट काढलं आहे तर सगळं बघून वसूल करावं म्हणून मी भराभर तीन दालनं फिरून आलो. शिलालेख, ताम्रपट, नाणी, मूर्ती. अर्ध्या तासात खालीवर सगळं संपवून परत आलो तर काका जिथे सोडले होते तिथेच, एका दगडी मूर्तीसमोर उभे.

"झालं माझं," मी म्हणालो.

"माहं सुरू व्हायचं हाये." त्यांनी मला दंडाला धरून समोर उभं केलं. "एका खेपेले एकच. बाकीचे कुठं पळून जात नाहीत. सांग, हे कापड कोणतं?"

मूर्ती कमरेखाली धोतर नेसलेली होती. दगडाचं धोतर. मी चेष्टेनं उत्तर देणार होतो, पण नजर पडली आणि धंद्याची सवय जागी झाली. कापड बारीक होतं. इतकं बारीक की गुडघ्याची वाटी आतून दिसत होती. निऱ्या मांडीवर सैल होत्या आणि कमरेशी घट्ट. काठ वेगळा विणलेला, जरा जड, म्हणून तो खाली ओढला गेला होता आणि निरीला वळण आलं होतं. मी बोलत सुटलो. काका ऐकत राहिले. पहारेकरी, जो काकांना ओळखत होता, तोही जवळ येऊन उभा राहिला. घड्याळ बघितलं तेव्हा तास झाला होता.

"पाहिलं?" काका म्हणाले. "ज्यानं हे खोदलं त्यालेही कापड समजत होतं. तुह्यासारखाच होता तो. फक्त विकत नव्हता."

त्या दिवसापासून रविवार हे असेच गेले. दुपारी म्युझियम, एका खेपेला एक मूर्ती. एकदा तर बुद्धाच्या एका लहान धातूच्या मूर्तीसमोर ते नुसते हात जोडून उभे राहिले आणि तासभर एक शब्द बोलले नाहीत; निघताना म्हणाले, "आज माहा रविवार होता." आणि ज्या रविवारी सकाळी गाण्याची बैठक असेल त्या रविवारी आधी बैठक. तिथेही नियम तोच. मला त्यांनी सांगून ठेवलं होतं की पूर्ण राग समजायच्या भानगडीत पडू नकोस, एकच जागा, मनात बसलेली एखादी सुरावट, घरी घेऊन जा. मग आठवड्यात धाग्यासाठी किंवा चहासाठी दुकानात आले की काउंटरवर हात ठेवून विचारणार, "काय नेलं?" मी बेसूर गुणगुणून दाखवायचो. माझी माणसं तोंड फिरवून हसायची. काका हसायचे नाहीत. "हव," एवढंच म्हणायचे. छत्तीसगडी 'हव'. त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ होता, बरोबर आहे, पुढे चल.

हे चार वर्षं चाललं. घासाघीस करून जगणाऱ्या माणसाला असं काही मिळतं आहे याची मला मनातून गंमत वाटायची. बायको म्हणायची, "तुम्ही रविवारी ओरडत नाही." खरं होतं ते.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

शंकर नगरच्या सभागृहात आमच्या संगीत मंडळाची बैठक होती. मी तिसऱ्या रांगेत. आलाप नुकताच सुरू झालेला, अगदी सावकाश. माझा फोन थरथरला. सुरतेचा व्यापारी, मोठा माल, आणि भाव त्याच घडीला ठरायचा. बाहेर जायला हवं होतं, मला कळत होतं. पण उठलो असतो तर पाच माणसांचे गुडघे ओलांडावे लागले असते. मी खाली वाकलो, तोंडाशी हात धरला आणि हळू बोललो. मला वाटलं हळू बोललो. माझा आवाज फुटपाथवर तयार झालेला आहे.

अचानक सभागृहातला तो सततचा गुंजारव थांबला. काकांनी तारांवर तळवा ठेवला होता. गवयानं डोळे उघडले. तंबोरा मध्येच थांबवणं म्हणजे पायाखालची फरशी काढून घेण्यासारखं. काका सरळ माझ्याकडे बघून म्हणाले, "शेठ, तुमचा सौदा होऊ द्या. आम्ही थांबतो."

लोक हसले. दोनशे माणसं. त्यांच्यात माझी गिऱ्हाइकं होती, माझे व्याही होते. चार वर्षं मला 'तू' म्हणणारा माणूस त्या दिवशी 'तुमचा' म्हणाला, हे मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. मी उठून निघून आलो.

मी आजही म्हणतो, चूक माझी होती, पण चारचौघांत तसं बोलायला नको होतं. डोळ्यांनी सांगितलं असतं तरी मी समजलो असतो. हे मी इतक्यांदा स्वतःला सांगितलं आहे की आता ते खरं आहे की घासून घासून गुळगुळीत झालं आहे ते मला कळत नाही.

त्यानंतर रविवार बंद. काका दुकानात आले, दोनदा. मी वहीतून मान वर केली नाही. माझ्या माणसानं धागे कापून दिले. दुसऱ्या वेळी ते काउंटरपाशी बराच वेळ उभे होते. "शेठ," ते म्हणाले, "ग्लास अजून तोच हाये का?" मी फोन उचलून कानाला लावला. पलीकडे कोणी नव्हतं.

दोन वर्षांनी मंडळाच्या कार्यकारिणीत माझी वर्णी लागली. पहिल्याच सभेत मी सुचवलं की तंबोऱ्याचं मशीन घेऊ. छोटी पेटी, बटण दाबलं की चालू. ने-आणीचा त्रास नाही, जागा अडत नाही, सूर उतरत नाही, आजकाल सगळीकडे हेच चालतं. मुद्दे पटण्यासारखे होते. मुद्दे पटण्यासारखे मांडणं हाच माझा धंदा आहे. एकानं विचारलं, "पण काकांना कोण सांगणार?" मी म्हणालो, "मी सांगतो. माझे जुने संबंध आहेत."

मी सांगितलं नाही.

बैठकीच्या सकाळी काका ऑटोतून उतरले. पांढऱ्या खोळीतला तंबोरा दोन्ही हातांत. स्टेजच्या पायऱ्या चढले आणि गवयाच्या मागे त्यांच्या जागेवर ती पेटी गुंजत होती. ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सभागृहात नजर फिरवली आणि मला शोधून काढलं. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. फोन बंद करून. अगदी शहाण्यासारखा.

"हव," ते म्हणाले.

मग ते पेटीपाशी गुडघ्यावर बसले, कान लावला आणि एक बटण किंचित फिरवलं. "जरा चढला होता," त्या तरुण गवयाला म्हणाले. खाली येऊन शेवटच्या रांगेत गेले, दोन खुर्च्यांवर तंबोरा आडवा ठेवला आणि स्वतः बैठक संपेपर्यंत भिंतीला टेकून उभे राहिले. सगळे मागे वळून बघत होते, मी सोडून. त्या दिवशी मी एकही जागा घरी नेली नाही.

पंडरीत मी एक गोष्ट शिकलो आहे. दोघं अडून बसले की जो आधी तोंड उघडतो तो हरतो. गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं तरी हाक मारायची नाही. माल खरा असेल तर ते कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतं. या एका गोष्टीवर मी दुकान उभं केलं, घर बांधलं. आणि तीच मी काकांना लावली. म्हटलं, येतील. धागे चेपतात, दर काही महिन्यांनी बदलावे लागतात, आणि तसा कोसा त्यांना दुसरीकडे मिळणार नाही. आले की या वेळी मान वर करायची, चहा मागवायचा, ग्लास मुद्दाम तोच रडका ठेवायचा. मी एक पाकीट केलं होतं. नवीन थान आलं की टोकाचे चांगले धागे त्यात टाकायचो. कोणाला सांगितलं नाही. पाकीट गल्ल्याच्या खणात जाड होत गेलं. दिवाळी आली, गेली. ते आले नाहीत.

कसे येणार? ही साधी गोष्ट माझ्यासारख्या धूर्त माणसाच्या डोक्यात वर्षभर शिरली नाही. मंडळाकडे पेटी आल्यावर बाकीच्यांनीही पेट्या घेतल्या. काकांना आता कोणी बोलवत नव्हतं. वाजवायचाच नाही तर धागे कशाला चेपतील? ज्या गरजेच्या भरवशावर मी त्यांची वाट बघत होतो ती गरजच मी संपवून टाकली होती.

हे मला म्युझियममध्ये कळलं. एका रविवारी राहवलं नाही म्हणून गेलो. तेलीबांध्याला तळ्याकाठी फिरायला म्हणून घरातून निघालो आणि गाडी आपोआप तिकडे वळली. त्याच धोतराच्या मूर्तीसमोर उभा राहिलो. मनात होतं, ते असतील. पहारेकरी आला.

"भैया, बहुत दिन बाद," तो म्हणाला. "काकाजी के बिना अच्छा नहीं लगता ना?"

"कुठे आहेत ते?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "आपको नहीं मालूम? बिटिया के पास भिलाई चले गए थे। बोले, अब यहाँ क्या काम। पिछले महीने खत्म हो गए।"

मी तिथूनच भिलाईला गेलो. पत्ता पहारेकऱ्याकडे होता, माझ्याकडे नव्हता. वाटेत फळं घेतली, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. दार मुलीनं उघडलं. चाळिशीची, शाळेत शिकवणारी. मी नाव सांगितलं तर म्हणाली, "अच्छा, पंडरीवाले सेठ? आइए अंकल, बैठिए।" फोटोला हार होता. शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि कोपऱ्यात पांढऱ्या खोळीतला तंबोरा.

मी काय बोलणार होतो ते रस्ताभर जुळवत आलो होतो. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. जे निघालं ते लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो. तंबोऱ्याकडे बघून मी विचारलं, "कितीला देणार?"

बोलून गेल्यावर मला कळलं. ती रागावेल, दार दाखवेल, असं वाटलं. ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. आतापर्यंत हिंदीत बोलत होती ती मराठीत आली, तेही काकांच्या मराठीत.

"बाबा म्हणून गेले होते. शेठ येईन. आला की आधी भाव विचारीन, त्याले दुसरं येत नाही. विचारू देजो, रागावजो नोको. मंग सांगजो, चार धागे."

मी हातातली फळांची पिशवी खाली ठेवली. मग विचारलं, "ते आले का नाहीत? दुकानात?"

"मैं भी बोली थी, जाकर मिल लो," ती म्हणाली. "तर म्हणत, त्याचा राग अजून उतरला नाही. उतरला की तो म्युझियममध्ये येईन. मंग बोलू." तिनं नाक पुसलं. "रायपूर सोडेपर्यंत हर रविवार जात होते."

मी दुकानात वाट बघत होतो. ते मूर्तीसमोर.

तिनं खोळ काढली. घोडीवरचे धागे जुने होते, काळे पडून चेपलेले, माझ्याच दुकानातले. तार छेडली तर आवाज आला, पण नुसता बोलल्यासारखा. मी खिशात हात घातला. पाकीट पंडरीत, गल्ल्याच्या खणात, आणि रविवार म्हणून दुकानाला कुलूप. गोदामात हजारो मीटर कापड आणि या घरात माझ्यापाशी चार धागे नव्हते.

अंगात कोशाची बंडी होती. माझ्याच दुकानातल्या सगळ्यात उंची थानाची, मी स्वतः निवडून शिवून घेतलेली. मी कात्री मागितली, खालची शिवण उसवली आणि काठातून धागा ओढला. पहिला ओढताना कापड चुरगळलं, ओळीनं गोळा झालं. थान खराब होते म्हणून ज्या माणसावर मी ओरडलो होतो त्याच्यासाठी मी चार धागे ओढले. तिनं ते तारांखाली सरकवले. मागे, जरा पुढे, परत मागे. बाप कसा करायचा ते तिनं लहानपणापासून बघितलं होतं. तीन तारा खुलल्या. चौथी खुलेना. ती म्हणाली, "बाबांनाही कधी कधी वेळ लागायचा." मी म्हणालो, "लागू दे." संध्याकाळ होत आली तेव्हा ती खुलली.

मंडळात आता पेटी बंद आहे. काकांचा तंबोरा आहे, आणि तो वाजवायला आठवड्यातून दोनदा भिलाईहून त्यांची मुलगी येते. दोन पोट्ट्यांना शिकवतेही आहे. लोक माझं कौतुक करतात, शेठनं परंपरा जपली म्हणतात. मी ऐकून घेतो. पेटी कोणी आणली होती हे त्यांच्यापैकी अर्ध्यांना आठवत नाही आणि उरलेले माझ्या तोंडावर बोलत नाहीत.

बैठकीला मी तीच बंडी घालून जातो. खालचा काठ एका बाजूला ओढला गेला आहे, लगेच नजरेत भरतो. बायको म्हणते, रफू करून घ्या, कापडवाल्याला शोभत नाही. पंडरीत असा रफूगर आहे की खोट कुठे होती ते मलाही सापडणार नाही. माझ्या मालातली खोट मी आयुष्यभर अशीच घडीत दाबून विकली.

ही मी तशीच ठेवली आहे.